शेवटचा किलोमीटर तिचा

शेवटच्या किलोमीटरची पाटी दिसली आणि टेलरच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "प्रभू, तिला बरं कर."

पुढचं पाऊल पडलं, त्याच्या पुढचं पडेना. बायकोला मातीआड करून अजून वर्षही झालं नव्हतं, आणि हा गृहस्थ भर रस्त्यात तिचं दुखणं बरं करून मागत होता. तो थांबला. मागून धावत येणाऱ्या दोघी त्याला वळसा घालून पुढे गेल्या.

त्याची एक रीत होती. लांबच्या शर्यतीत प्रत्येक किलोमीटर कुणाच्या तरी वाट्याला द्यायचा आणि तेवढ्या अंतरात त्या माणसासाठी देवाकडे मागायचं. सुरुवातीचे सोपे किलोमीटर शेजाऱ्यापाजाऱ्यांना, पाळकांना, अस्तराचं कापड कधीच वेळेवर न देणाऱ्या दुकानदाराला. मधले भावंडांना आणि लेकीला. सगळ्यात शेवटचा, जिथे मांड्यांचे दगड होतात, तो अंथरुणाला खिळलेल्या बायकोला. आमेन मात्र वाटेत कुठेच म्हणायचं नाही. ते शेवटची रेषा ओलांडल्यावर, सगळ्यांचं मिळून एकदाच.

त्या शेवटच्या किलोमीटरात तो आजवर थांबला तर नव्हताच, पण धावायचं सोडून चाललाही नव्हता. कुणी कौतुकाने विचारलं की शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगायचा, "पाय काय, पायडल मारून कुणाचेही तयार होतील. खेळ सगळा मनाचा आहे. मन खंबीर हवं." आतून मात्र त्याने देवाशी करार करून टाकला होता. मी थांबत नाही, तूही तिचा हात सोडू नकोस. करारावर सही एकट्याचीच होती, हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

ती गेल्यावर त्याने पाळकांना विचारलं होतं, "शेवटचा किलोमीटर आता कुणाला देऊ?"

"तिलाच द्या," पाळक म्हणाले होते. "पण ती आता प्रभूच्या घरी आहे, तिच्यासाठी मागण्यासारखं काही उरलेलं नाही. आभार माना." आभार मानायचे असं ठरवूनच तो आज निघाला होता. ऐन वेळी तोंडात आलं ते जुनंच.

पाटीखाली लेक उभी होती, दर वेळेसारखी. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फोन.

"बाबा, पाय धरला का?"

"पाय ठीक आहे." त्याने फोनकडे पाहिलं. "आता कुणाला कळवतेस?"

लेकीचा चेहरा उतरला. "हात आपोआप गेला," ती म्हणाली. मग तिला राहवेना. "बाबा, मी इथून आईला फोन करायचे ना, ते नुसतं कळवायला नव्हतं. 'बाबा पाटीपाशी आले' म्हटलं की ती मला गप्प करायची आणि मागायला लागायची. तुम्ही रेषा ओलांडेपर्यंत."

"बरं व्हायचं मागायची?"

"नाही. 'त्यांचे पाय थांबू देऊ नकोस, प्रभू.' एवढंच, पुन्हा पुन्हा. धाप लागायची तिला, तरी सोडायची नाही."

टेलर तिने पुढे केलेली बाटली न उघडता तशीच धरून राहिला. इतकी वर्षं मन मन म्हणून जे मिरवलं, ते त्याचं नव्हतंच. ते त्या अंथरुणावरून येत होतं.

"म्हणजे तिचं ऐकलं," तो म्हणाला. "दर वेळी ऐकलं."

"हो."

"आणि माझं?"

लेक जवळ आली. तिने त्याचा दंड धरला. दोघं चालू लागली. कडेचे लोक टाळ्या वाजवत होते, आणि टेलर सगळ्यांदेखत रडत होता. डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं.

रेषेपाशी लेक पुढे झाली, पलीकडे जाऊन वळली, तर बाप अलीकडेच थांबलेला.

"काका, एकच पाऊल!" माइकवाला ओरडला. "जोर लावा!"

लेकीने हात पुढे केला. "या ना, बाबा. संपलं आता."

त्याने मान हलवली.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "ओलांडली की आमेन म्हणावं लागेल."