ओकची पानगळ

“समोरच्या ओकची पानं गळली की तुमचं परतीचं तिकीट काढते,” असं लेकीने ऑक्टोबरमध्ये कबूल केलं, तेव्हा अण्णांना ते पटलं होतं. वेंगुर्ल्याचं घर कुलूपबंद होतं आणि बंद घराला वाळवी लागायला वेळ लागत नाही. बायको गेल्यापासून त्या घराला त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये कनेटिकटमधल्या त्या लहानशा गावातली मेपलची झाडं पानं गाळून उघडी झाली. ओक मात्र तपकिरी, वाळकी पानं धरून राहिला. बर्फ पडला, वारे सुटले, तरी पानं नुसती खडखडत राहिली.

“बाय, हे झाड तुझ्यावर गेलंय. धरलं की सोडत नाही.”

“ओक असाच असतो, अण्णा. वसंतात नवे कोंब आले, की मगच जुनी पानं सोडतो.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं!”

ती नुसती हसली. घटस्फोटानंतर संध्याकाळी दिवा लावून तिची वाट पाहणारं कोणी इथल्या घरात होतं, ते याच हिवाळ्यात.

एप्रिलमधल्या एका सकाळी अण्णांनी खिडकी उघडली, तर अंगणभर पानं पडली होती. लेक चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. चहा तिने तोंडाला लावला नाही. अण्णांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओकच्या रिकाम्या शेंड्याकडे बोट केलं.

“वरती दोन-चार आहेत गं अजून.”

लेकीने वर पाहिलंच नाही.

“नाहीत, अण्णा,” ती म्हणाली. “तिकीट मी कालच काढलं.”