खिळ्याला टांगलेला बिल्ला

"आजपासून तुमचं आत जाणं बंद," दिवाकर साहेब म्हणाले. ते कारखान्याचे सुरक्षा अधिकारी.

मुंबईहून अहवाल आला होता. छातीवर लावायच्या बिल्ल्यात फिल्मचा तुकडा असे. अंगावर किती किरणं पडली, ते त्यावरून कळे. रत्नाकरची फिल्म काळी निघाली होती.

"रक्त तपासून घ्या. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील. पुढं काय होईल, ते आज कोणीच सांगू शकत नाही."

एकाहत्तरचा नोव्हेंबर होता. जबलपूरच्या त्या कारखान्यात रत्नाकर तोफगोळ्यांची कवचं कोबाल्टच्या किरणांनी तपासून तडे शोधत असे. त्याचा धाकटा भाऊ श्रीरंग सीमेवर तोफखान्यात होता. तडा गेलेला गोळा तोफेतच फुटतो. दसऱ्यापासून एका पाळीच्या तीन पाळ्या झाल्या होत्या. किरणं अडवणारी किरणकोठीची भिंत मात्र एका पाळीच्या हिशेबानं बांधलेली. तो हिशेब पुन्हा कोणी केला नव्हता.

रत्नाकरनं साहेबांकडे आजवर एकदाच काही मागितलं होतं. बायको विनता याच कारखान्यात, दारूगोळ्याच्या शेडमध्ये होती. दिवस गेले तेव्हा तिला बिनधोक जागा द्या, एवढंच. साहेबांनी तिला नोंदींच्या खोलीत बसवलं. "दारूची वाफ असो की किरणं, मोठ्या माणसाची मर्यादा पोटातल्या लेकराला चालत नाही," असं तेच तेव्हा म्हणाले होते. आता तिला सहावा लागला होता.

"बंद काहून, साहेब? मी तर ठणठणीत आहे."

"फिल्म तसं म्हणत नाही."

रत्नाकर हसला. आता सांगून टाकलेलंच बरं, असं त्याला वाटलं.

"रागावू नका जी. तो बिल्ला आत गेलाच नाही. घाई एवढी, की कोबाल्टची पेटी पुरती मिटायच्या आधीच आम्ही आत शिरून राहिलो. किरणांची मर्यादा ओलांडली की तुम्ही माणूस बाजूला बसवता. मग गोळे कोण पाहणार? म्हणून दसऱ्यापासून बिल्ला बाहेरच टांगतो. चूक झाली. पण हा काळा डाग माझा नाही."

दिवाकर साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"बाहेर म्हणजे कुठं?"

"खिळ्याला. कोठीच्या भिंतीपलीकडंच, नोंदींच्या खोलीत. तुम्हीच म्हणाला होता ना, सगळ्यात सेफ जागा तीच. विनताच्या खुर्चीच्या मागं जो..."

दिवाकर साहेबांनी फोन उचलला. कोठीतून कोणी उचलेना.

रत्नाकर दाराकडे धावला. तेवढ्यात कोठीची घंटा झाली. कोबाल्टची पेटी उघडायच्या आधी ती होई, आणि ती झाली की सगळ्यांनी उठून लांब जायचं असे. नोंदींच्या खोलीला तो नियम नव्हता.