शंभर मीटर आधी

वाल्दिर रिकिबीत उभा राहिला, तेव्हा शर्यत संपायला शंभर मीटर बाकी होते.

गोलोंद्रीना घोडी मध्ये चार घोडे मावतील एवढी पुढे होती. झोपेत जिंकली असती. आणि या शहाण्याने लगाम खेचला, चाबूक काखेत धरला आणि जिंकल्यासारखी तिची मान थोपटली! घोडीचा वेग पडला. मागून काळा घोडा आला आणि शेवटचा लाल-पांढरा खांब त्याने नाकभर आधी गाठला.

कठड्यापाशी एकच गलका उठला.

"चोर! विकला गेला हरामखोर!"

फाडलेल्या तिकिटांचे कपटे उडाले. तिबूर्सियो खाटकाने हातातली तळलेली रोटी मैदानात भिरकावली. "अरे, माझी म्हातारी आई बसली असती ना, तरी शेवटपर्यंत गेली असती!"

आदेमारने तिकीट फाडलंही नाही. त्याची मोटरसायकल त्या घोडीबरोबर बुडाली होती.

गुरुवारी त्याने गाडी विकून पैसे घोडीवर लावले, ते वाल्दिरच्याच शब्दावर. वाल्दिर म्हणजे त्याचा कोंपाद्रे, त्याच्या लेकीचा, हिमेनाचा, धर्मपिता; ती त्याला पाद्रीनो म्हणायची. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातात धरून उभा राहिलेला. पुढच्या महिन्यात हिमेनाला पंधरा वर्षं पूर्ण व्हायची होती. पंधराव्या वाढदिवसाला लग्नासारखाच थाट: पांढरा झगा, सभागृह, वाजंत्री, आणि बापानंतरचा पहिला नाच वाल्दिरचा. त्यानेच मोंतेविदेओहून फोन केला होता, "कोंपाद्रे, घोडी तयार आहे. असेल नसेल ते लाव. गाव बघत राहील असा वाढदिवस करू पोरीचा."

राजधानीत दोन महिने घोडे पळवून तो रविवारी दुपारी बसमधून उतरला आणि तासाभरात खोगिरावर चढला. इकडे आदेमार तीन दिवस मैदानावर राबत होता. नोकरीच होती त्याची. गवत कापा, कठडे ठोका, रंग मारा. पण या खेपेला त्याने हौसेने जास्तीचं काम केलं. कोंपाद्रे जिंकतानाचा फोटो निघणार, मागे सगळं कसं झळकलं पाहिजे! उरलेला लाल रंगसुद्धा त्याने वाया जाऊ दिला नाही. अजून नखांत होता.

वाल्दिर जॉकींच्या वजनाच्या खोलीतून बाहेर आला, तेव्हा लोक त्याच्यावर थुंकत होते. आदेमारला बघून तो थांबला.

"कोंपाद्रे, देवाशपथ सांगतो..."

"कोंपाद्रे म्हणू नकोस मला. पोरीचं नाव घेऊन बुडवलंस रे! परक्याने गळा कापला असता तर इतकं लागलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको, निल्दा, मातेचा कडू चहा ओतून देताना म्हणाली, "वाल्दिर पैसे खाईल? छे. मला नाही पटत."

"अगं, वीस वर्षं घोड्यावर बसतोय तो! शर्यत कुठे संपते ते कळत नाही त्याला? की तुझा नवराच मूर्ख?"

निल्दा किटली उचलून आत गेली. ते आदेमारला आणखीच झोंबलं.

मंगळवारी क्लबात चौकशी बसली. खिडक्यांबाहेर सगळा गाव. अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. "जॉकी असो नाहीतर गवत कापणारा, ज्याच्यामुळे या मैदानाची अब्रू गेली, तो परत फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही!"

पहिली साक्ष आदेमारची. शर्यतीआधी वाल्दिरला काळ्या घोड्याच्या मालकाशी बोलताना बघितलं, असं तो म्हणाला. खरं तर त्यांनी नुसता हात मिळवला होता. पण आदेमारच्या तोंडून "कुजबुज" असाच शब्द निघाला, आणि त्याने तो मागे घेतला नाही. का घ्यायचा?

"का उभा राहिलास?" अध्यक्षांनी वाल्दिरला विचारलं.

वाल्दिरने घसा खाकरला. "साहेब, शर्यतीत ऊन डोळ्यांवर होतं. म्हणून काल मी मैदान पायी चालून बघितलं, आणि..."

तेवढ्यात त्याची नजर आदेमारच्या हातांवर गेली. आदेमार टोपी पिळत बसला होता. वाल्दिर त्या हातांकडे बघतच राहिला. डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नाही मेल्याला, आदेमारच्या मनात आलं.

"आणि काय?"

"काही नाही, साहेब. अंदाज चुकला. चूक माझीच."

"पैसे घेतलेस?"

"नाही."

बाहेर सगळे खो खो हसले. पाच वर्षांची बंदी लागली. वाल्दिर एकोणचाळीस वर्षांचा होता, म्हणजे घोड्यावर बसणं कायमचंच संपलं. तिबूर्सियोने आदेमारच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मोठी हिंमत केलीस." त्याने दारू पाजली. आदेमारने एक घोट घेतला आणि पेला तसाच ठेवला.

शुक्रवारी तो कामावरून घरी आला, तर हिमेना दारातच उभी होती. डोळे रडून सुजलेले.

"पाद्रीनो येऊन गेला. सीमेपलीकडे निघाला, तिकडे भाताच्या शेतावर काम मिळालंय म्हणे. बाबा, त्याने खोगीर विकलं. माझ्या वाढदिवसाच्या सभागृहाचं भाडं भरलंय."

"बघ!" आदेमार आत ओरडला, निल्दाला ऐकू जावं म्हणून. "खोगीर कसलं विकतोय? लाचेचे पैसे आहेत ते! मन खातंय चोराचं!"

"तुझ्यासाठीही ठेवलंय काहीतरी."

हिमेनाने कागदी पिशवी पुढे केली. आत रंगाचा छोटा डबा होता, पांढऱ्या रंगाचा. वर एक नवा ब्रश.

"म्हणाला, बाबाला एकट्यालाच सांग. शंभर मीटरच्या खांबावरचे लाल पट्टे झाकून तो आधीसारखा पांढरा कर म्हणावं. रविवारच्या आत, कुणाच्या लक्षात यायच्या आधी."