नाताळच्या गाण्यातला हुरडा

वाळूजच्या चर्चमध्ये नव्यानं आलेल्या पाळकसाहेबांनी नाताळच्या गाण्यांची वही छापायला घेतली. सगळ्यांच्या आवडत्या गाण्यातल्या एका कडव्यावर त्यांनी, गाणी सांगायला आलेल्या शेवंताबाईंसमोरच, पेन्सिलीनं काट मारली.

"मेंढपाळांनी बाळ येशूला हुरडा आणला? शेवंताबाई, बेथलेहेमात कुठली आली ज्वारी?"

"गाणं माझ्या बापानं केलंय, साहेब. बाप्तिस्मा झाल्यावरच्या पहिल्या नाताळला. दुसऱ्याच्या शेतात सालदार व्हता, हुरड्याच्या आगटीपाशी बसून केलं."

"असेल. पण बायबलमध्ये असं कुठंच नाही."

"नसंल. बाळ बेथलेहेमातच जन्मलं, त्याला कोण नाय म्हणतंय? पण आमच्या घरी आलं, तवा हुरडाच चालू व्हता."

पाळकसाहेबांनी वही पुन्हा जवळ ओढली. मग त्यांनी खोडरबर मागितलं.