भांडखोर मासा

कसबा बावड्यातल्या नव्या फ्लॅटात चुलतभाऊ यशराजनं खाऱ्या पाण्याची छोटीशी टाकी आणली आणि केशरी माशांची जोडी सोडली. सगळे पावणे तिच्याभोवतीच. माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा तीनदा फोटो काढले.

मी थेट दुकान गाठलं. "सगळ्यात भांडखोर मासा कुठला?"

"ह्यो निळा. पण छोट्या टाकीत नका सोडू पावणं, दुसऱ्याला जगू देत न्हाई."

तोच घेतला आणि यशराजला भेट दिला.

आठवड्यानं मुद्दाम बघायला गेलो. यशराज हात धरून आत घेऊन गेला.



"दादा, त्याचं कुणाशीच जमंना बघ. पण तू एवढ्या मायेनं दिलायस, परत कसा करायचा? म्हणून त्याला दुसरी टाकी आणली, पहिलीपेक्षा मोठी!"