सगळ्यात मोठं ग्रंथालय

"मोजणी संपेपर्यंत एकही पुस्तक बाहेर जाणार नाही," ग्रंथपालांनी ऐटीत सांगितलं. "विद्यापीठाचं ग्रंथालय मोठं की आपलं, ते आज ठरतंय. फडताळात दिसतील तेवढीच पुस्तकं धरणार आहेत."

पुस्तक बदलायला आलेल्या कुमुदिनीबाईंनी वाचनकक्षाकडे पाहिलं. खुर्च्या हलवून तिथेही कपाटं उभी केली होती. मोठं म्हणे! मोठं तर गोदामही असतं.

इतक्यात आतून कारकून ओरडला, "साहेब, विद्यापीठाची आणि आपली बरोबरी झाली!"

ग्रंथपालांची नजर बाईंच्या हातातल्या पुस्तकावर गेली आणि आवाज एकदम मवाळ झाला. "परत करायला आणलंय ना, बाई? द्या, द्या! एकाने जिंकू."

दोनदा वाचून झालेलं ते पुस्तक बाईंनी पिशवीत टाकलं.

"अजून वाचतेय मी. एवढ्या मोठ्या ग्रंथालयातलं निदान एक पुस्तक तरी कुणी वाचत असायला नको?"