सहा खळग्यांची बशी

सुनेच्या चहाला कधी बरं न म्हटलेल्या शालनबाईंनी तिच्या प्रयोगशाळेला दंडावरची चिमूटभर कातडी मात्र बिनबोभाट दिली होती. आपले हात का कापतात ते कळेल, एवढीच आशा. त्या कातडीपासून भोसरीच्या प्रयोगशाळेत, सहा खळग्यांच्या बशीत मेंदूच्या पेशी वाढवल्या. आज बशीला बुरशी लागली, म्हणजे ब्लीच ओतून सगळं टाकणं आलं.

वर्षालीने सहापैकी पहिल्या खळग्यात ब्लीच ओतलं. लगेच चिखलीहून सासूचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"उजव्या हाताचं कापणं थांबलं बघ."

"बरं झालं की, आई!"

"कसलं बरं! हातच उचलंना."

विज्ञान शिकलेल्या माणसाला एकदा घडलेलं पुरत नाही. वर्षालीने दुसऱ्या खळग्यात ओतलं. पलीकडे फोन खाली आपटला. मग नणंदेचा, पूनमचा घाबरा आवाज आला, "वहिनी, आईचा डावाही लुळा पडला!"

वर्षालीने बाटली खाली ठेवली.

"चारच राहिलेत, मॅडम. उरका की," म्हणत नुकतेच आत आलेल्या तिच्या वरिष्ठांनी, रविराज सरांनी बाटली उचलली आणि तिसऱ्या खळग्यावर कलती केली.

फोनमधून सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "वर्षाली, ह्यो हात तुझा न्हाई. कोन हाय तिथं?"